गाडीच्या विम्याचा हप्ता का वाढतो?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांनी दिलेल्या व्याख्यानांपैकी एक. वक्ते आपल्या संस्थेचे सभासद आणि निवृत्त बँक अधिकारी आहेत. भाषण जसे झाले तसेच, थोडे आवरून येथे देत आहोत.)



आधीच्या वक्त्यांनी मधुमेहावर बोलून तुमचा चहा बेचव केला, आता मी विम्यावर बोलून जेवणाची वेळ लांबवणार आहे. पण हा विषय तुम्हीच मला दिला आहे. गेली दोन वर्षे आपल्या संध्याकाळच्या कट्ट्यावर एकच तक्रार ऐकतो आहे. "गाडी आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाते. पाच वर्षांत एक पैशाचा क्लेम नाही. गाडी जुनी होत चालली, तिची किंमत उतरली. मग विम्याचा हप्ता कशाला वाढतो?" प्रश्न रास्त आहे. बँकेत असताना वाहनकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली, त्यामुळे या कागदांशी माझी जुनी ओळख आहे. म्हणून हे चार शब्द.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटरच जास्त होत्या. आज चारचाकीला जागा कमी पडते म्हणून दर वार्षिक सभेत वाद होतो. म्हणजे हा प्रश्न आता घरोघरचा आहे.

पहिली गोष्ट. पॉलिसीचा कागद घरी गेल्यावर काढा आणि शेवटची बेरीज न बघता मधल्या ओळी बघा. आपण ज्याला 'गाडीचा विमा' म्हणतो ते खरे तर दोन वेगळे विमे एका पाकिटात घातलेले असतात. एक ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचे नुकसान. दुसरा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. पहिला घ्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर आहे, अर्थात गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँक तो मागतेच. दुसरा मात्र मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचा. या दोन्हींचे हप्ते वाढण्याची कारणे पूर्ण वेगळी आहेत. त्यांची गल्लत केली की आपण बचत करायला जातो आणि नको तिथे कात्री लावतो.

आधी ओन डॅमेज घेऊ. १ जानेवारी २००७ पर्यंत याचे दर सरकारी दरपत्रकाने बांधलेले होते. तुम्ही कुठल्याही कंपनीत जा, भाव तोच. त्या तारखेपासून दर मोकळे झाले आणि स्पर्धा सुरू झाली. पण जुने दरपत्रक काही पूर्ण विस्मृतीत गेले नाही. त्या दरावर किती टक्के सूट, अशा भाषेतच हा व्यवहार पुढे चालत राहिला. आता उदाहरण बघा. १००० ते १५०० सीसीची, पाच वर्षांच्या आतली, पुण्यात नोंदलेली गाडी. जुन्या दरपत्रकात तिला ३.२८३ टक्के दर होता. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, पाच लाख धरा. हप्ता होतो १६,४१५ रुपये. कंपनीने ७० टक्के सूट दिली तर तुम्ही भराल सुमारे ४,९२५. पुढच्या वर्षी कंपनीला त्या प्रकारच्या गाड्यांचे दावे जास्त आले आणि तिने सूट ५५ टक्क्यांवर आणली, तर तुम्ही भराल सुमारे ७,३८७. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. पण बघा, दर वाढला असे कुणीही जाहीर केले नाही, तुम्ही क्लेम केला नाही, तरी हप्ता दीडपट झाला. फक्त सूट कमी झाली. बँकेतल्या लोकांना हे नवीन नाही. व्याजदर तोच ठेवून सवलत काढून घेणे हेही दर वाढवणेच असते.

आता दावे जास्त का येतात? आणि आपण क्लेम केला नाही तर दुसऱ्याच्या दाव्याशी आपला काय संबंध? इथे आपल्या लिफ्टचा वाद आठवा. तळमजल्यावरचे सभासद म्हणत होते, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही देखभालीचा वाटा का द्यायचा? शेवटी सगळ्यांनी समान वाटा द्यायचा असे ठरले, कारण दुरुस्ती एका मजल्याची नसते, इमारतीची असते. विमा तसाच आहे. ती भिशीही नव्हे. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. विम्यात आपला नंबर लागू नये अशीच आपली इच्छा असते. पण ज्यांचा लागतो त्यांचे पैसे त्याच डब्यातून जातात.

त्या डब्यातून जाणारे पैसे वाढले आहेत, आणि त्याची कारणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. पूर्वी बंपर म्हणजे लोखंडी पट्टी असायची. वाकली तर गॅरेजवाला ठोकून सरळ करायचा, वर रंगाचा हात मारायचा. आता बंपर प्लॅस्टिकचा, त्यात पार्किंगचे सेन्सर. तो ठोकता येत नाही, बदलावा लागतो. दिव्याची काच फुटली तर पूर्वी काच मिळायची, आता बहुधा अख्खा दिवाच घ्यावा लागतो. काही नव्या गाड्यांत पुढच्या काचेला कॅमेरा असतो, काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. चालकासाठी एअरबॅग २०१९ पासून आणि शेजारच्या सीटसाठी २०२१ पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली. चांगलेच झाले, माणसे वाचतात. पण एकदा उघडलेली एअरबॅग घडी करून परत बसवत नाहीत. अपघात तेवढाच, बिल मोठे.

दुसरे कारण पाऊस. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते आपण टीव्हीवर पाहिले आणि 'बिचारे मुंबईकर' म्हणालो. मग २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आपल्याच पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला आणि गाड्या काडेपेट्यांसारख्या एकमेकींवर चढलेल्या आपण सकाळी बघितल्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरले. एका अपघातात एक-दोन गाड्यांचा दावा येतो. पुरात एका रात्रीत अख्ख्या पार्किंगचा दावा येतो.

पुराचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडी पाण्यात असताना किंवा पाणी ओसरल्यावर लगेच चावी फिरवू नका. इंजिनात पाणी ओढले जाते आणि इंजिन आतून मोडते. हे नुकसान पुराने झाले नाही, गाडी चालू केल्याने झाले, असे म्हणून साध्या पॉलिसीत ते नाकारले जाऊ शकते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम जोडून घ्यावे लागते. खालच्या पार्किंगमध्ये ज्यांच्या जागा आहेत त्यांनी ते घ्यावे असे माझे मत आहे. पाणी भरले तर गाडी ढकलत बाहेर काढा किंवा ओढून न्या, फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

तिसरे कारण गाडीच्या वयाचे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. दुसऱ्या वर्षात २० टक्के घसारा, पाचव्या वर्षात ५० टक्के, असे कोष्टक आहे. म्हणून आपल्याला वाटते हप्ताही तसाच उतरावा. पण जुन्या गाडीला टक्केवारीचा दर थोडा जास्त लागतो. पाच वर्षांनंतर एकदा आणि दहा वर्षांनंतर परत, अशा त्या दरपत्रकात पायऱ्या होत्या. कारण साधे आहे. गाडी जुनी झाली म्हणून तिचा दिवा स्वस्तात मिळत नाही. शिवाय गाव कोणते यालाही महत्त्व आहे. पुणे, मुंबई आणि इतर सहा मोठी शहरे 'ए' विभागात, बाकीचा देश 'बी' विभागात. माझ्या भावाची तशीच गाडी कोल्हापूरला नोंदलेली आहे, तिला ३.२८३ ऐवजी ३.१९१ टक्के. फरक थोडा, पण तो सांगायला भाऊ विसरत नाही.

आणि चौथे कारण आपल्याच हातातले. नो क्लेम बोनस. क्लेम न करता वर्ष गेले की ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. एक क्लेम केला की ही शिडी उतरून जमिनीवर. आपल्या पार्किंगमध्ये खांबाला बंपर घासला की लोक लगेच विचारतात, क्लेम करू का? हिशोब करू. समजा बोनस धरण्याआधीचा हप्ता १२,००० आहे आणि तुम्हाला ५० टक्के बोनस आहे, म्हणजे भरता ६,०००. बंपरचे बिल झाले ९,०००, त्यातला भाग ५,००० चा. प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे २,५०० गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट. हाती येणार साडेपाच हजारांच्या आत. आता पुढचे. बोनस शून्यावर आला. बाकी सगळे तसेच राहिले असे धरले तर पुढच्या वर्षी ६,००० जास्त, मग ३,६००, मग ३,०००, मग १,८००, मग ६००. बेरीज १५,०००. साडेपाच हजार घेण्यासाठी पंधरा हजार मोजले. ज्यांनी झीरो डेप्रिसिएशन किंवा बोनस सांभाळणारे कलम घेतले आहे त्यांचा हिशोब वेगळा होईल, पण कागद-पेन्सिल घेऊन तो करा आणि मगच फोन उचला.

हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना तो नव्या गाडीवर आणता येतो. कंपनीकडून तसे पत्र घ्या. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की वर्षानुवर्षे जमवलेला बोनस जातो.

आता दुसरा विमा. थर्ड पार्टी. याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते, आणि सगळ्या कंपन्यांत तो सारखाच असतो. त्यात बोनस नाही. तुम्ही तीस वर्षे एकही ओरखडा न काढता गाडी चालवली असेल तरी तोच दर. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला २०१५-१६ मध्ये १,५९८ रुपये होते. पुढच्या वर्षी २,२३७. त्याच्या पुढच्या वर्षी २,८६३. २०१९ मध्ये ३,२२१, आणि १ जून २०२२ पासून ३,४१६. म्हणजे सात वर्षांत दुपटीहून जास्त. तुमची कुरकुर मुख्यतः इथे आहे, आणि इथेच मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे.

हा पैसा जातो कुठे? अपघातात एखादा माणूस गेला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवते. ती कशी ठरवायची याचे कोष्टक सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात घालून दिले आणि २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात पक्के केले. समजा ३५ वर्षांचा गवंडी आहे, महिना २०,००० मिळवतो, घरात त्याच्यावर अवलंबून चार माणसे. वर्षाचे २,४०,०००. पुढे त्याची कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवा, झाले ३,३६,०००. त्याचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा करा, राहिले २,५२,०००. या वयाला गुणक १६. एकूण ४०,३२,००० रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेचे वेगळे. ही भरपाई देण्यासाठी सुमारे ११८० गाड्यांचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता लागतो. आणि २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली.

त्याच गवंड्याची कमाई १०,००० असती तर भरपाई निम्मी झाली असती. मजुरी वाढली की भरपाई वाढते, आणि भरपाई वाढली की हप्ता वाढतो. पूर्वी पक्की नोकरी नसलेल्या माणसाची पुढे कमाई वाढली असती हे धरायचे की नाही यावरच वाद व्हायचा. आता धरतात. म्हणजे या ओळीतली वाढ ही त्या माणसाच्या बायका-मुलांना मिळणाऱ्या रकमेतली वाढ आहे. मला ती खटकत नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला पॉलिसीत साडेसात लाखांची मर्यादा असते. माणसाच्या जिवाला आपल्या कायद्याने मर्यादा घातलेली नाही, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते.

आणि विमा नसला तर काय होते ते मी जवळून पाहिले आहे. एका तालुक्याच्या गावी मी शाखेत होतो. एका शेतकऱ्याने जीपसाठी कर्ज घेतले होते. विमा संपत आल्याचे शाखेने दोनदा पत्राने कळवले. सुगी झाली की भरतो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, हप्ते वेळेवर भरायचा. विमा संपून तीन आठवडे झाले असतील, वळणावर एक सायकलवाला जीपखाली आला आणि गेला. भरपाई जीपच्या मालकावर बसली. आधी जीप गेली, मग विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा गेला. पण मला जास्त आठवते ती त्या सायकलवाल्याची बायको. विमा असता तर तिला एकरकमी पैसे मिळाले असते. तिला ते तुकड्यातुकड्याने, काही वर्षे मिळत राहिले. पैसे जमा झाले का हे विचारायला ती आमच्याच शाखेत यायची, मुलाला बरोबर घेऊन. पहिल्यांदा आली तेव्हा तो काउंटरच्या खाली होता. शेवटचे पैसे आले तेव्हा स्लिप त्यानेच भरली.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे: काटकसर करायची ती आपल्या पत्र्यावर करा, दुसऱ्याच्या जिवावर करू नका. विमा नसेल तर पहिल्यांदा दंड २,००० रुपये आहे, पण दंड ही त्यातली सगळ्यात लहान रक्कम आहे.

हप्ता फुगण्याची आणखी दोन-तीन कारणे उरतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, म्हणून नव्या गाडीचे पहिले बिल डोळ्यांत भरते. त्याच वर्षी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा मोटारीसाठी दोन लाखांवरून १५ लाखांचा झाला. मात्र घरात एकाच माणसाच्या नावावर मोटार आणि स्कूटर असेल तर तो दोन्हीकडे घ्यायची गरज नाही. एकदा पुरतो. तुमच्या दोन्ही पॉलिसींत त्याची ओळ आहे का बघा. आणि सगळ्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी. १९९४ मध्ये आपल्या देशात सेवाकर सुरू झाला तो तीन सेवांवर: टेलिफोन, शेअर दलाली आणि सर्वसाधारण विमा. दर होता पाच टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी काढला, गाडीचा मात्र तसाच राहिला.

आता बचत कुठे करायची ते सांगतो आणि थांबतो.

एक, ओन डॅमेजसाठी नूतनीकरणाच्या महिनाभर आधी तीन-चार कंपन्यांचे भाव मागवा. पण आयडीव्ही सारखी ठेवून. काही जण आयडीव्ही कमी दाखवून हप्ता स्वस्त करतात. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेली आणि गाडी निकालात निघाली, की त्या कमी आकड्याचीच भरपाई मिळते.

दोन, जोडलेली कलमे मोजा. गेल्या वर्षी एजंटाने घातलेले याही वर्षी आपोआप येते. बारा वर्षांच्या गाडीला काय हवे, काय नको, ते आपण ठरवायचे.

तीन, गाडी फार चालत नसेल तर किलोमीटरप्रमाणे हप्त्याची सोय जुलै २०२२ पासून विमा नियामकाने मान्य केली आहे. आपल्यातल्या मंडईपर्यंत जाणाऱ्या मंडळींनी जरूर विचारावे. लहान नुकसान स्वतः सोसायची तयारी असेल तर ऐच्छिक वजावट घेऊनही हप्ता उतरतो.

चार, आणि हे खास माझ्या वयाच्या मंडळींना. पंचावन्न उलटल्यावर वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावे लागते. हप्ता वेळेवर भरला आणि परवाना संपलेला असला तर कंपनी मयताच्या घरच्यांना पैसे देऊन नंतर ते आपल्याकडून वसूल करू शकते. पॉलिसीबरोबर परवान्याचीही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पॉलिसी वाचताना कुणाला अडचण आली तर रविवारी सकाळी दहा ते अकरा मी संस्थेच्या कार्यालयात असतो. चालू वर्षाची आणि गेल्या वर्षाची, अशा दोन्ही पॉलिसी घेऊन या. दोन कागद शेजारी ठेवले की कुठली ओळ वाढली ते पाच मिनिटांत कळते. चहा मात्र ज्याचा हप्ता कमी होईल त्याने पाजायचा.